पाळण्यातले पाय आणि कॉलेजातला अभ्यास

बालविकास आणि कौटुंबिक संबंध हा विषय आपल्याकडच्या कॉलेजांत काही कालपरवा आलेला नाही. दिल्लीचे लेडी अर्विन कॉलेज 1932 सालचे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गृहविज्ञानाची शाखा 1950 च्या सुमारास उभी राहिली. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे, निर्मला निकेतन आहे. तरीही ‘मुलगी काय शिकते?’ या प्रश्नाला ‘मानव विकास’ असे उत्तर आले की ऐकणारा बुचकळ्यात पडतो, आणि ‘म्हणजे होमसायन्स’ असा खुलासा झाला की समजूतदारपणे हसतो. त्या हसण्यामागे काही आक्षेप आहेत, आणि ते सगळेच पोकळ नाहीत. ते पुऱ्या ताकदीने मांडले जावेत म्हणून इथे दोन कल्पित पात्रांना बोलते केले आहे. काका निवृत्त स्थापत्य अभियंते आहेत. वाचन दांडगे, मत ठाम. मृणाल त्यांची पुतणी. ती कॉलेजात मानव विकास हा विषय शिकवते. पात्रे कल्पित असली तरी आक्षेप रोजच्या ऐकण्यातले आहेत आणि पुरावे खरे आहेत. लेखकाचा कल मृणालकडे आहे, हेही आधीच सांगून टाकलेले बरे.

काका: मृणाल, तुझ्या विषयाचा अनादर करायचा नाही, पण मला त्याचं प्रयोजनच कळत नाही. पूल बांधायचा तर भार किती, पाया किती खोल, हे शिकावं लागतं. ते कुणी आईच्या पोटातून शिकून येत नाही. मूल वाढवणं मात्र माणूस हजारो वर्षं करत आलाय. तुझ्या पणजीनं सात मुलं वाढवली, तीही एकत्र कुटुंबाच्या रगाड्यात. तिला कुणी विकासाचे टप्पे शिकवले होते? घरात चार बायका होत्या, त्यातल्या दोघींना पुरेसा अनुभव होता, तेवढं पुरलं. अनुभव हीच त्या शास्त्राची प्रयोगशाळा. हातच्या काकणाला आरसा कशाला? उलट आता पुस्तकं वाढली, कोर्स वाढले, समुपदेशक वाढले, आणि आईबाप पूर्वीपेक्षा जास्त गोंधळलेले दिसतात. ज्या गोष्टी सहज होत होत्या त्यांचा अभ्यासक्रम केला की सहजपणा जातो आणि हाती फक्त परिभाषा उरते.

मृणाल: काका, तुम्ही धरून चाललाय की आम्ही मूल वाढवायला शिकवतो. तसं असतं तर तुमचा आक्षेप बिनतोड होता. पण मूल वाढवणं आणि मुलांविषयी केलेली विधानं तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलेजात शिकवता येते ती दुसरी. एक साधी वस्तू घ्या. आपल्या घरात लाकडी पांगुळगाडा होता. मूल त्याच्या मागे उभं राहतं, दांडी धरतं, ढकलतं. भार स्वतःच्या पायांवर पेलतं, आणि पाऊल कुठं पडतंय ते त्याला दिसतं. मग बाजारात चाकांचा वॉकर आला. त्यात मूल मध्ये बसतं, समोर खेळण्यांचा ट्रे, पाय खाली कुठंतरी. दुकानदार सांगतो, यानं लवकर चालायला लागेल. सीगल आणि बर्टन या संशोधकांनी 1999 साली शंभरावर बाळांची पाहणी प्रसिद्ध केली. वॉकर वापरणारी बाळं लवकर तर चालली नाहीतच. बसणं, रांगणं, चालणं या तिन्हींत ती मागे होती, आणि ज्या वॉकरमध्ये बाळाला स्वतःचे पाय दिसत नव्हते त्यांत ही पीछेहाट अधिक होती. जिन्यावरून गडगडण्याचे अपघात वेगळेच. कॅनडानं 2004 मध्ये त्याची विक्रीच बंद केली. म्हणजे इथे पणजीचं बरोबर होतं आणि बाजाराचं चूक.

पण त्याच काळी अनेक घरांत बाळंतिणीचा पहिला चीक काढून टाकत आणि बाळाला मध चाटवत. आज आपल्याला माहीत आहे की तो चीक म्हणजे बाळाचं पहिलं संरक्षण, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा ठरू शकतो. पांगुळगाडा आणि मधाचं बोट, दोन्ही त्याच अनुभवी हातांनी, त्याच खात्रीनं दिलं. यातलं कोणतं राखायचं आणि कोणतं टाकायचं, हे परंपरा स्वतः सांगत नाही. तिच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच पवित्र. ती निवड करायला बाहेरून काहीतरी लागतं: मोजणी, तुलना, नोंद. आमचा विषय म्हणजे तेवढंच.

काका: मोजणी-तुलना म्हणतेस, पण तुझ्या शास्त्राचा इतिहास मीही थोडा वाचलाय. अमेरिकेतल्या त्या जॉन वॉटसननं 1928 साली पुस्तक लिहिलं की मुलांना कुरवाळू नका, मुके घेऊ नका, सकाळी फार तर हात मिळवा. अनेक आयांनी ते प्रमाण मानलं. पुढे स्वमग्न मुलांच्या आयांना तुमच्याच तज्ज्ञांनी थंड मनाच्या ठरवलं. मूल बोलत नाही कारण आईनं माया केली नाही, असं सांगून एका पिढीतल्या बायकांना अपराधाच्या ओझ्याखाली चिरडलं. आणि कॉर्नेल विद्यापीठात तर कहरच. 1919 पासून तिथल्या गृहअर्थशास्त्राच्या मुलींना सरावासाठी अनाथाश्रमातून खरीखुरी बाळं आणून देत! एका घरात अनेक विद्यार्थिनी, त्यांचं एक बाळ, आणि पाळीपाळीनं त्या त्याच्या आया. बाळाचं आडनावसुद्धा विषयाच्या नावावरून पाडलेलं, ‘डोमेकॉन’. काही आठवड्यांनी विद्यार्थिनी बदलणार, म्हणजे आया बदलणार. हे कित्येक वर्षं चाललं. कोणत्याही अडाणी आजीला विचारलं असतंस तर तिनं सांगितलं असतं की बाळाशी असं करू नये. मग परंपरेच्या जागी तज्ज्ञ बसवून मिळवलं काय? एक गादी गेली, दुसरी आली.

मृणाल: यातलं काहीही मी नाकारत नाही, वर्गात मी हा इतिहास पहिल्या महिन्यातच शिकवते. वॉटसनचं पुस्तक आलं तेव्हा तो विद्यापीठ सोडून जाहिरातीच्या धंद्यात गेलेला होता, आणि मुके घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांची तुलना त्यानं कधी केलेली नव्हती. पुढे त्यालाही त्या पुस्तकाचा पस्तावा झाला. थंड आईच्या सिद्धांताला 1964 साली बर्नार्ड रिमलंडनं सुरुंग लावला. तो मानसशास्त्रज्ञ होता आणि स्वमग्न मुलाचा बापही. त्यानं आयांची बाजू कळवळून मांडली नाही, उपलब्ध पुरावा एकेक करून तपासला आणि दाखवून दिलं की तो या निष्कर्षाला पोचतच नाही. म्हणजे त्या चुका विषयाच्या होत्या, आणि त्या पकडणारी हत्यारंही विषयातलीच होती. गादी म्हणाल तर ती तज्ज्ञाची नको, आजीची नको आणि दुकानदाराचीही नको. पुरावा मागण्याची सवय असली म्हणजे कुणालाच फार काळ गादीवर बसता येत नाही.

काका: पुरावा मागून मागून काय मिळणार? काही गोष्टी उपजतच असतात. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ही म्हण उगाच नाही पडली.

मृणाल: ती म्हण म्हणजेही एक विधान आहे, काका, आणि ते तपासलं गेलंय. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात 1930 च्या दशकात हॅरोल्ड स्कील्स नावाचा मानसशास्त्रज्ञ सरकारी अनाथाश्रमांचं काम बघत होता. आश्रमातल्या दोन तान्ह्या मुली इतक्या मागे होत्या की त्यांना मतिमंदांच्या संस्थेत पाठवलं गेलं, प्रौढ बायकांच्या कोठडीत. म्हणीप्रमाणे त्यांचे पाय दिसून चुकले होते. काही महिन्यांनी स्कील्स तिथे गेला तेव्हा त्या दोघी हसत-खेळत, दुडदुडत होत्या. कारण शोधलं तर साधं होतं. आश्रमात बाळं रांगेत पाळण्यांत पडून असत. इथे कोठडीतल्या बायकांनी त्या दोघींना मांडीवर घेतलं होतं, त्यांच्याशी बोलत होत्या, त्यांच्यासाठी भांडतसुद्धा होत्या. मग स्कील्सनं अशा तेरा मुलांची नोंद ठेवली आणि आश्रमातच राहिलेल्या बारा मुलांशी तुलना केली. 1939 साली हे छापून आल्यावर मोठमोठ्या विद्वानांनी त्याची खिल्ली उडवली; बुद्धी जन्मजात असते हा त्यांचा वेद होता. स्कील्सनं ती मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शोधून काढली आणि 1966 मध्ये निकाल मांडला. ती तेरा माणसं स्वतःच्या पायावर उभी होती. उरलेल्या गटातले कित्येक संस्थांतच अडकले होते किंवा अगदी हलक्या कामांवर होते.

तेरा आणि बारा हे आकडे लहान आहेत, आणि कोणतं मूल कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं, हा आक्षेप तुम्ही घेण्याआधी मीच घेते. तो दूर व्हायला या शतकाची वाट बघावी लागली. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथाश्रमांतली 136 मुलं निवडून, अक्षरशः चिठ्ठ्या टाकून, निम्म्यांना पालक कुटुंबांत ठेवलं. त्या वेळी तिथे पालक कुटुंबांची सोय जवळजवळ नव्हतीच, म्हणून ही कुटुंबं अभ्यासासाठी उभी केली गेली, आणि आश्रमातल्या एखाद्या मुलाला पुढे घर मिळालं तर त्याला अडवलं गेलं नाही. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, जिव्हाळा जोडण्याची ताकद सगळंच सुधारलं. आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचं अनेक बाबतींत जास्त. आपल्या 2015 च्या बालन्याय कायद्यात संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे. या सगळ्या पुराव्याशी ते जुळणारंच आहे. पाळण्यात पाय दिसतात हे खरं मानू हवं तर. पण पाळण्याशेजारी कोण बसलंय यावर ते पाय कुठं जाणार हे बरंच अवलंबून असतं.

काका: बरं, मानलं. पण उदाहरणं बघ तुझी: आयोवा, बुखारेस्ट, कॅनडा. सगळं तिकडचं. बाळाला अनोळखी खोलीत आईपासून तीन मिनिटं वेगळं करायचं आणि ते कसं रडतं, आई परतल्यावर कसं वागतं, त्यावरून आई-मुलाचं नातं सुरक्षित की असुरक्षित ते ठरवायचं, ही तुमची प्रसिद्ध परीक्षा. आपल्याकडे बाळ आईकडून आत्याकडे, आत्याकडून शेजारच्या काकूंकडे, असं दिवसभर फिरतं. त्या परीक्षेत आपलं बाळ कुठं बसणार? चौकोनी कुटुंबाच्या देशातली फूटपट्टी घेऊन आमच्या वाड्याची मापं काढायची, याला मी शास्त्र म्हणत नाही.

मृणाल: हा तुमचा सगळ्यात वजनदार आक्षेप, आणि तो आमच्या विषयातल्या लोकांनीही आकड्यांत मांडलाय. जेफ्री आर्नेटनं 2008 मध्ये अमेरिकेतली मानसशास्त्राची मोठी नियतकालिकं चाळून दाखवलं की त्यांतल्या अभ्यासांतली बहुतेक सगळी माणसं पाश्चात्त्य, श्रीमंत देशांतली असतात. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा जेमतेम बारा टक्के, आणि शास्त्रातला 96 टक्के. लाजिरवाणंच आहे ते. पण तुम्ही सांगितलेल्या परीक्षेचा उगम मात्र तिकडचा नाही. मेरी एन्सवर्थनं 1954-55 मध्ये आधी युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांतल्या आया-बाळं पाहिली, घरोघरी जाऊन. अमेरिकेतली प्रयोगशाळा नंतरची. जपानमध्ये साप्पोरोला ती परीक्षा घेतली तेव्हा तुमचा मुद्दा खरा ठरला: आईनं कधीच न सोडलेली ती बाळं इतकी आकांतानं रडली की फूटपट्टीवरच शंका यावी. 1988 मध्ये आठ देशांतल्या बत्तीस अभ्यासांची एकत्र छाननी झाली. त्यात असं निघालं की सुरक्षित नात्याचं प्रमाण सगळीकडे सर्वांत जास्त होतं, आणि दोन देशांमधल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या दोन गटांमधला फरक मोठा होता. ‘आपल्याकडे’ आणि ‘तिकडे’ असं तुम्ही म्हणता ना, ते ‘आपल्याकडे’सुद्धा एकजिनसी नाही. सदाशिव पेठ आणि डहाणूचा पाडा यांतलं अंतर आकडेवारीत पुणे आणि पॅरिसपेक्षा जास्त निघू शकतं.

मग उपाय काय? फूटपट्टी तिकडची म्हणून मोजणंच सोडायचं? बडोद्यात प्रमिला फाटक यांनी तसं केलं नाही. त्यांनी भारतीय बाळांची मापं घेतली, कोणत्या महिन्यात मान धरतात, कधी बसतात, कधी पहिले शब्द येतात याची नोंद केली आणि इथल्या बाळांसाठी इथले मापदंड तयार केले. देशभरच्या बालविकास तपासणी केंद्रांत त्यांच्या कामाचा आधार घेतला जातो. हे काम कॉलेजातच झालं. ते घरात बसून, अनुभवाच्या जोरावर झालं नसतं.

आणि डहाणूचं नाव निघालंच आहे तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम बघा. 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू झालं. मॉन्टेसरींची पद्धत युरोपातली, ताराबाईंना ती गिजुभाई बधेकांच्या भावनगरमध्ये शिकायला मिळालेली. आदिवासी पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. ‘त्यांना शिक्षणाची गोडी नाही’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं. ताराबाईंनी तसं न करता घरं पाहिली. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरत होती, थोरला भाऊ गुरांमागे होता, आईबाप मजुरीवर. मूल एकटं येऊच शकत नव्हतं. त्याला शाळेत आणायचं तर त्याचं सगळं कुटुंब कसं चालतं ते धरून शाळा उभी करायला हवी होती. म्हणून बालवाडी पाड्याच्या अंगणात गेली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी झाली, म्हणजे बहिणीच्या कडेवरचं मूल पाळणाघरात आणि बहीण वर्गात. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. बालविकास आणि कौटुंबिक संबंध ही दोन नावं एकाच विषयाला का जोडलेली असतात, हे यापेक्षा चांगलं कुणी शिकवलेलं मला माहीत नाही. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्राला अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज देशात अशा जवळपास चौदा लाख अंगणवाड्या आहेत. परदेशी पद्धत घेऊन तिची इथे पारख करणं, हे असं असतं.

काका: ताराबाईंना माझाही नमस्कार. पण त्या ताराबाई होत्या. तुझ्या वर्गातली एकोणीस वर्षांची मुलगी चार व्याख्यानं ऐकते आणि घरी येऊन वहिनीला सांगते, तुझ्या मुलाला अमुक समस्या आहे. घरातल्या गोष्टी चार भिंतींत राहाव्यात. प्रत्येक रुसव्या-फुगव्याला शास्त्रीय नाव चिकटवलं की माणूस नमुना होतो. मूल म्हणजे काय बरणीतला बेडूक आहे?

मृणाल: ती मुलगी तसं बोलत असेल तर तिचं प्रात्यक्षिक कच्चं राहिलंय. आमच्याकडे पहिल्या सत्रात निरीक्षणाची वही असते. नमुन्यादाखल एक पान घ्या. विद्यार्थिनी बालवाडीत कोपऱ्यात बसून दहा मिनिटं एकाच मुलाकडे बघते आणि लिहिते: ‘मुलगा हट्टी आहे, दुसऱ्यांना खेळणी देत नाही.’ मी ते वाक्य खोडते. तिला विचारते, हट्ट दिसला कुठं? तू पाहिलंस ते लिही. मग दुसऱ्या दिवशी ती लिहून आणते: ‘लाल ट्रक दोन्ही हातांनी छातीशी धरला. शेजारच्या मुलीनं हात पुढे केला, तसा पाठ फिरवून बसला. तीन मिनिटांनी ताईंनी दुसरा ट्रक आणून ठेवला. त्याकडे पाहिलं, पहिला ट्रक मुलीसमोर सरकवला, दुसरा घेतला.’ आता सांगा, हट्टी कुठं गेला? मूल तेच आहे, खेळणं तेच आहे. बदललं ते बघणाऱ्याचं लिहिणं. तुम्ही म्हणता की अभ्यासानं माणसाला लेबलं लावायची सवय लागते. लेबलं लावायची सवय घरातच लागलेली असते: हा मठ्ठ, ती लाडावलेली, तो बापाच्या वळणावर गेलेला. ही वही ती सवय मोडते. सगळ्यांचीच मोडते असा दावा मी करणार नाही, पण मोडण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

आणि चार भिंतींचं म्हणाल तर मूल भिंतींच्या आत राहतच नाही, काका. ते पोलिसांपुढे येतं, न्यायालयात येतं. 1995 मध्ये लाइटमन आणि सेसी यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. सॅम स्टोन नावाचा पाहुणा बालवाडीत दोन मिनिटं आला, सगळ्यांना नमस्कार करून गेला. कशालाही हात लावला नाही. पण काही मुलांना आधीच आठवडेच्या आठवडे सांगून ठेवलं होतं की सॅम फार वेंधळा आहे, वस्तू मोडतो. नंतर त्यांना फाटलेलं पुस्तक दाखवून पुन्हा पुन्हा विचारलं की सॅमनं हे मुद्दाम फाडलं की चुकून? दहा आठवड्यांनी नव्या माणसानं विचारपूस केली तेव्हा तीन-चार वर्षांच्या बहुसंख्य मुलांनी सॅमनं पुस्तक फाडलं किंवा खेळणं खराब केलं असं सांगितलं, वर बारीकसारीक तपशीलही रचून दिले. ज्यांना सरळ, तटस्थ प्रश्न विचारले होते ती मुलं जवळजवळ चुकली नाहीत. मुलं खोटारडी नव्हती. प्रश्नच उत्तर घेऊन आला होता. आपल्या 2012 च्या पोक्सो कायद्यात पोलिसानं गणवेशात मुलाचा जबाब घेऊ नये, न्यायालयात मुलावर आक्रमक प्रश्नांचा मारा होऊ देऊ नये, अशा तरतुदी आहेत. त्या कागदावरून खोलीत कोण उतरवणार? मुलाला काय विचारायचं नाही हे ज्याला शिकवलंय, तोच. इथं प्रश्न चुकला तर एकीकडे निर्दोष माणूस तुरुंगात जातो, आणि दुसरीकडे खरं बोलणाऱ्या मुलाचं खोटं पाडलं जातं.

काका: मग हे मोबाइलवर शिकता येत नाही का? तज्ज्ञ रोज बोलत असतात.

मृणाल: बोलतात, म्हणूनच भीती वाटते. 1993 मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटा अभ्यास आला. 36 कॉलेज विद्यार्थ्यांनी मोत्सार्टचं संगीत दहा मिनिटं ऐकल्यावर घडी-आकारांच्या एका चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले, आणि पंधरा मिनिटांत तो परिणाम विरूनही गेला. त्या अभ्यासात एकही बाळ नव्हतं. पाच वर्षांत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे राज्यपाल प्रत्येक नवजात बाळाला सीडी वाटायला निघाले, आणि ‘बुद्धिमान बाळा’च्या संगीताचा बाजार उभा राहिला. आपल्याकडे डोळे बांधून वाचायला शिकवणारे वर्ग, पोटातल्या बाळाचा बुद्ध्यांक वाढवणारी शिबिरं याच वाटेनं येतात. ‘किती जणांवर? कोणत्या वयाच्या? कशाशी तुलना करून?’ हे तीन प्रश्न विचारता येणं म्हणजे निम्मा अभ्यासक्रम.

काका: ठीक. मग आता माझा शेवटचा प्रश्न, आणि तो तुला अडचणीचा आहे. हे सगळं पोलिसाला, न्यायाधीशाला, बापाला इतकं गरजेचं असेल, तर तुझ्या वर्गात मुलगे कुठं आहेत? मुलींसाठी वेगळं ताट वाढून ठेवलंय: स्वयंपाक, शिवण, बालसंगोपन. शिकलेली गृहिणी घडवायची आणि वर त्याला विज्ञान म्हणायचं.

मृणाल: इथं मी तुमच्याच बाजूला येते. बडोद्याच्या गृहविज्ञान शाखेमागे त्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यावर काम केलेली बाई. त्या काळी हजारो घरांतून मुलीला कॉलेजात पाठवायला गृहविज्ञान हे नाव उपयोगी पडलं. त्या दारानं आत आलेल्यांतून संशोधक, शिक्षिका, अधिकारी झाल्या. पण दार तेव्हा उघडलं म्हणून आजही तेवढंच ठेवावं असं नाही. कॉर्नेलनं 1969 मध्येच आपल्या गृहअर्थशास्त्र महाविद्यालयाचं नाव आणि रोख बदलून ते मानवी परिसराचं महाविद्यालय केलं. आपल्याकडे विभागांची नावं ‘मानव विकास’ झाली, पण बाकावर बसणारं कोण हे फारसं बदललं नाही. त्याचा परिणाम शेवटी पैशातही दिसतो. देशातली सगळ्यात मोठी बालविकास यंत्रणा ज्या बायका चालवतात त्यांना पगार नाही, मानधन मिळतं. ग्रॅच्युइटीचा हक्क त्यांना आहे हे सांगायला 2022 साल आणि सर्वोच्च न्यायालय लागलं. बायका घरी करतातच ते काम, त्याला ज्ञान कसलं लागतं, हे तुमचं सुरुवातीचं वाक्य आणि हे मानधन यांचं मूळ एकच आहे, काका.

या टोल्यावर काका निरुत्तर होतील असे नाही. माया शिकवता येत नाही, यावर ते ठाम राहतील, आणि ते बरोबरच आहे. मृणालनेही तसा दावा कुठे केलेला नाही. पण त्यांच्या आक्षेपांची यादी एकत्र ठेवून पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. परंपरा चुकू शकते, तज्ज्ञ चुकू शकतात, परदेशी फूटपट्टी इथे फसू शकते, लेबलांनी माणूस झाकला जातो: यातला प्रत्येक आक्षेप खरा आहे, आणि त्यातल्या प्रत्येकाचा निवाडा अखेर निरीक्षण, तुलना आणि नोंद यांनीच झालेला आहे. अभ्यास चुकला हे दाखवायलाही अभ्यासच लागला. पणजीच्या काळी मुलाविषयी निर्णय घेणारे घरातले चौघे असत, आणि त्यांची चूक त्या घरापुरती राहत असे. आज मुलाविषयी निर्णय सरकार घेते, न्यायालय घेते, शाळा घेते, बाजार घेतो, आणि त्यांची एकेक चूक लाखांच्या पटीत मोजावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा शालेय रचनेत आणला. म्हणजे या वयाच्या मुलाबद्दलची सरकारी विधाने आणखी वाढणार. त्याच धोरणाने पदवीच्या विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचा विषय निवडायची मोकळीकही दिली आहे. ती वापरून बालविकासाची एक तरी पत्रिका अभियांत्रिकी, विधी आणि वाणिज्य शाखांच्या मुलामुलींपुढे ठेवावी, आणि तिच्यात संगोपनाच्या पाककृती न देता निरीक्षणाची वही सक्तीची करावी. काकांसारखे चिकित्सक मन घडवणाऱ्या स्थापत्यशाखेत तर तिची सुरुवात व्हायला काहीच हरकत नाही: भार किती आणि पाया किती खोल, हे विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही ही शिस्त त्यांना आधीच आहे. ती पुलाला लावायची आणि मुलाला लावायची नाही, याला मात्र कोणतेही सबळ कारण काकांना या सगळ्या वादात देता आलेले नाही.